वीज गेल्यावर पाणी जाते कुठे? संपच्या पाइपजोडणीची फेरमांडणी

खाऱ्या पाण्याची टाकी घरी ठेवणाऱ्यांचे लक्ष बहुतांशी माशांवर, क्षारतेवर आणि दिव्यांवर असते. टाकीखालच्या कपाटाकडे, तिथून काही आवाज येईपर्यंत, सहसा कोणी पाहत नाही. माझ्या मते मात्र टाकीचे आणि दिवाणखान्याच्या फरशीचेही भवितव्य त्या कपाटातल्या पाइपांवर अवलंबून असते. या हिवाळ्यात आमच्या टाकीच्या संपची, म्हणजे कपाटातल्या खालच्या गाळणटाकीची, सगळी पाइपजोडणी मी काढली आणि नव्याने बसवली. पंप चालू असताना पाणी कसे वाहते हा प्रश्न तसा सोपा आहे. पंप बंद पडल्यावर किंवा एखादा पाइप तुंबल्यावर ते पाणी कुठे जाऊन थांबेल, या प्रश्नाभोवती मी सगळी मांडणी बेतली. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद राहण्याची सवय आपल्याला आहेच, त्यामुळे हा प्रश्न आमच्याकडे कागदावरचा राहत नाही.

मुख्य टाकी १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ५० उंच आहे, म्हणजे काठोकाठ भरली तर २७० लिटरची. मागच्या कोपऱ्यात काचेची एक उभी पेटी आहे. टाकीतले वरचे पाणी दात्यांच्या पट्टीवरून या पेटीत पडते, तिथून पाइपाने खालच्या संपमध्ये उतरते, गाळले जाते आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. संप ९० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि ४० उंच आहे. टाकीतल्या पाण्याने ताशी तीन ते पाच वेळा संपमधून फिरावे असे या छंदात साधारणपणे मानले जाते. मी चारपट धरले, म्हणजे चढाईत जाणारा जोर वजा होऊन प्रत्यक्ष वर पोचणारे पाणी ताशी हजार-अकराशे लिटर हवे. पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीवरचा असतो. सव्वा-दीड मीटर चढवताना तो बराच खाली येतो, म्हणून पंप घेताना त्याचा उंचीनुसारचा आलेख पाहूनच घ्यावा.

पेटीच्या तळाला दोन भोके होती, एक इंची भोक पाणी उतरण्यासाठी आणि पाऊण इंची भोक परतीच्या पाइपासाठी. उतरणीला ड्युर्सो प्रकारचा उभा पाइप होता, ज्याच्या डोक्यावर टी (तीन तोंडांचा जोड) आणि हवेसाठी छिद्र असते. ही रचना जगभर वापरली जाते आणि तिच्यात बिघडण्यासारखे फार काही नाही. पण तिच्यात पाणी आणि हवा एकाच पाइपातून एकदम उतरतात, त्यामुळे गुळगुळ असा आवाज सतत येत राहतो आणि पाण्याबरोबर खाली आलेली हवा संपमध्ये असंख्य बारीक बुडबुडे करते. हे बुडबुडे पंपातून पुन्हा वर जातात, टाकीतले पाणी धुरकट दिसते, आणि संपच्या कडेला ते फुटून उडणारे तुषार वाळले की कपाटाच्या बिजागऱ्यांपासून वायरींपर्यंत सगळीकडे मिठाचे पांढरे थर चढतात.

यावरचा उपाय म्हणजे पाइप पाण्याने पूर्ण भरलेला ठेवणे. हवा नसलेला सायफन आवाज करत नाही आणि बुडबुडेही आणत नाही. पण पूर्ण सायफन तुंबला तर पाण्याला दुसरी वाट नसते, म्हणून त्याच्या जोडीला आपत्कालीन पाइप लागतोच. सायफन, अर्धवट भरून वाहणारा मोकळा पाइप आणि आपत्कालीन पाइप अशा तीन पाइपांची बीन अ‍ॅनिमल पद्धत मला सर्वांत निर्धोक वाटते, आणि नवी टाकी बनवून घेणाऱ्यांनी तिसरे भोक आधीच पाडून घ्यावे असे मी आग्रहाने सांगेन. भरलेल्या टाकीला भोक पाडता येत नाही, आणि तळाची काच टफन केलेली असेल तर रिकाम्या टाकीलाही नाही. म्हणून आहे त्या दोन भोकांत बसणारी, सायफन आणि आपत्कालीन पाइप अशा दोनच पाइपांची हर्बी पद्धत मी निवडली. परतीचा पाइप मागच्या काठावरून आत घेतला, आणि त्याचे रिकामे झालेले भोक उतरणीसाठी वापरले.

कोणते भोक कोणाला द्यायचे हा यातला खरा विचार करण्याचा भाग होता. रोजचे काम मोठ्या पाइपाला द्यावे असे सहज वाटते, पण मी पाऊण इंची पाइप सायफनला आणि एक इंची पाइप आपत्कालीन उतरणीला दिला. सत्तर सेंटिमीटरच्या उतारावर भरून वाहणारा पाऊण इंची पाइप ताशी हजार-अकराशे लिटर सहज उतरवतो. उलट त्याचा वेग व्हॉल्व्हने कमीच करावा लागतो. तो तुंबला तर मात्र सगळे पाणी एकट्याने पेलण्याची वेळ दुसऱ्यावर येते, आणि त्या वेळी तो अरुंद असून चालत नाही. या आपत्कालीन पाइपावर व्हॉल्व्ह, जाळी, काहीही बसवू नये.

सायफनवर गेट व्हॉल्व्हच हवा. बॉल व्हॉल्व्हचा दांडा केसभर हलवला तरी प्रवाह एकदम बदलतो, तर गेट व्हॉल्व्हचे चाक अनेक फेरे फिरते आणि हवा तितका सूक्ष्म फरक देते. आपल्या बाजारात सहज मिळणारे गेट व्हॉल्व्ह पितळेचे किंवा गनमेटलचे असतात आणि ते इथे अजिबात चालणार नाहीत, कारण दोन्हींत तांबे असते, खाऱ्या पाण्यात ते हळूहळू विरघळते, आणि कोळंबी, गोगलगायी यांसारख्या कणा नसलेल्या जिवांना ते अगदी थोड्या प्रमाणातही मारक ठरते. पूर्ण प्लास्टिकचा गेट व्हॉल्व्ह मागवून घ्यावा लागतो आणि महाग पडतो, पण या जोडणीत एका वस्तूवर पैसे खर्च करायचे असतील तर ते यावरच करावेत. आमच्या टाकीत प्रवाळे नाहीत. खडक घडवणारी प्रवाळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि त्यांची जागा समुद्रातच आहे असे मला वाटते. पण सफाई करणाऱ्या कोळंब्या आणि काचेवरचे शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी आहेत, आणि तांब्याबाबत त्यांची काळजी तितकीच घ्यावी लागते.

पाइप घेताना मापांकडे नीट पाहावे. शेतीच्या पाण्यासाठी मिळणारे पीव्हीसी पाइप मिलिमीटरमध्ये असतात, घरातल्या नळकामाचे यूपीव्हीसी पाइप इंचात असतात, आणि ‘एक इंची’ म्हणून दोन्ही पुढे केले जातात. पहिल्याचा बाहेरचा व्यास ३२ मिलिमीटर आणि दुसऱ्याचा ३३.४, फरक दिसायला किरकोळ आहे, पण सांधा बसत नाही. नेहमीच्या प्लंबरकाकांना मी दोन्ही तुकडे दाखवले तेव्हा त्यांनी एल्बोमध्ये (वळणाच्या जोडात) एकेक घालून पाहिला आणि म्हणाले, “ताई, हा शेतीचा आहे, आत खुळखुळतोय बघा. सोल्युशन कितीही लावा, हा धरायचा नाही.” म्हणून पाइप आणि सगळी फिटिंग एकाच मापपद्धतीची आणि शक्यतो एकाच कंपनीची घेतली.

जोडणीत काटकोनाचे एल्बो टाळून बहुतेक ठिकाणी ४५ अंशांचे वापरले आणि आडवे तुकडे शक्य तितके काढून टाकले, कारण आडव्या पाइपात हवा अडकते आणि सायफन सुरू व्हायला वेळ लागतो. पाइप सरळ कापावा, कापलेल्या कडेची बुरी सुरीने काढावी, सोल्युशन दोन्ही अंगांना लावून पाइप पाव फेरा फिरवत आत घालावा आणि अर्धा मिनिट दाबून धरावा. टँक निपलचा (टाकीच्या भोकात पाइप बसवण्याच्या जोडाचा) रबरी वॉशर पाण्याच्या बाजूला, म्हणजे पेटीच्या आत कडेखाली येतो. नटाखाली तो लावला तर आट्यांमधून पाणी झिरपत राहते. व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना आणि पंपाजवळ युनियन (हाताने सोडवता येणारा आट्यांचा जोड) दिल्यामुळे आता व्हॉल्व्ह किंवा पंप काढताना पाइप कापावा लागणार नाही. पंपाच्या तोंडाशी थोडी सिलिकॉनची नळी आहे, त्यामुळे पंपाची थरथर कडक पाइपातून कपाटाला पोचत नाही. सगळे जोडून झाल्यावर एक दिवस वाळू दिले आणि पहिली चाचणी साध्या पाण्यावर घेतली.

सायफन जुळवण्याचे काम शांतपणे, कपाटापाशी बसून करावे. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पंप सुरू केला की पेटीतले पाणी खाली ओढले जाते आणि पाइप हवेसकट पाणी गिळू लागतो. मग चाक पाव-पाव फेरा बंद करत जायचे. प्रत्येक वेळी पेटीतली पातळी थोडी वर येते, पाइपातली घरघर आधी तुटक होते, मग सुस्काऱ्याइतकी बारीक होते आणि एका क्षणी थांबते. संपमधल्या पाइपाच्या तोंडाकडे पाहिले तर पांढरा फेस जाऊन तिथे स्वच्छ पाण्याची धार दिसते. पंपाचा आणि सायफनचा प्रवाह कायमचा तंतोतंत जुळत नाही, म्हणून आपत्कालीन पाइपावरून पाण्याची बारीक धार सतत उतरत राहील इतपत पातळी मी ठेवली. पंपाचा वेग किंचित बदलला तरी ही धार तो फरक सामावून घेते. सायफनचे संपमधले तोंड पाण्यात दोन-तीन सेंटिमीटरच बुडवावे. जास्त बुडवले तर वीज परत आल्यावर पाइपातली हवा बाहेर पडत नाही आणि सायफन धरत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. वीज गेली की परतीचा पाइप उलटा सायफन होतो आणि त्याचे तोंड हवेत उघडे पडेपर्यंत टाकीतले पाणी खाली खेचत राहतो. मुख्य टाकीची पातळी एक सेंटिमीटर उतरली तर ढोबळ मानाने ५.४ लिटर पाणी खाली येते, आणि संपची पातळी एक सेंटिमीटर चढायला ३.६ लिटर लागतात. परतीचे तोंड पृष्ठभागाखाली ८ सेंटिमीटर असेल तर ४३ लिटर पाणी उतरते आणि संप १२ सेंटिमीटरांनी चढतो. तेच तोंड मी २ सेंटिमीटरांवर आणले. आता टाकीतून सुमारे ११ लिटर, पेटीतून साडेचार आणि पाइपांतले एखादे लिटर, असे साडेसोळाच्या आसपास पाणी येते आणि संप साडेचार सेंटिमीटरांच्या थोडा वर चढतो. मी चालू पातळीच्या वर कडेपर्यंत किमान ८ सेंटिमीटर मोकळे ठेवले आहेत. तोंड वर आणल्याने पृष्ठभागही छान हलता राहतो, त्याच्यावर तेलकट साय धरत नाही आणि पाण्यात प्राणवायू चांगला मिसळतो.

अनेकजण यासाठी परतीच्या पाइपात एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटे येऊ न देणारी झडप, बसवून निर्धास्त होतात. खाऱ्या पाण्यात त्याच्या झडपेवर चुन्याचे थर बसतात, कधी एखादी छोटी गोगलगाय तिच्यात अडकते, आणि झडप अर्धवट उघडी राहिली की पाणी उतरतेच. सायफन तोडण्यासाठी पाइपाला पाडलेले छिद्रही शेवाळाने बुजते. छिद्र मी पाडले आहे, पण हिशेब ते बुजलेले आहे असे धरूनच केला आहे.

उलट बाजूचा हिशेब लोक सहसा करत नाहीत. उतरणीचे दोन्ही पाइप तुंबले आणि पंप चालू राहिला, तर संपच्या परतीच्या कप्प्यातले, म्हणजे पंप असलेल्या शेवटच्या कप्प्यातले, पाणी संपेपर्यंत तो टाकी भरत राहील. तो कप्पा २५ बाय ४० सेंटिमीटरचा आहे आणि पंप हवा ओढू लागेपर्यंत त्यातले १० सेंटिमीटर पाणी वर जाऊ शकते, म्हणजे १० लिटर, म्हणजे टाकीत जेमतेम २ सेंटिमीटरांची वाढ. कडेला ४ सेंटिमीटर मोकळे असल्यामुळे पाणी बाहेर येत नाही. अडचण निराळीच आहे: बाष्पीभवनाची भरपाई करणारे ऑटो टॉप-ऑफ यंत्र याच कप्प्याची पातळी पाहते, आणि कप्पा रिकामा दिसला की ते आरओचे गोडे पाणी ओतत सुटेल. म्हणून त्याला वेळेची मर्यादा घातली आणि त्याचा कॅन ८ लिटरांचाच ठेवला. ही ८ लिटरही वर गेली तरी टाकी आणखी दीड सेंटिमीटर चढेल आणि काठाच्या आत राहील. सायफनचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून, मग आपत्कालीन पाइपावर हात ठेवून, आणि शेवटी मुख्य बटण बंद करून ही तिन्ही संकटे मी साध्या पाण्यावर मुद्दाम घडवून पाहिली, आणि प्रत्येक वेळी पाणी कुठे थांबले तिथे काचेवर मार्करने रेघ ओढली.

संपच्या आत फारसे बदलले नाही. २०० मायक्रॉनची गाळणी मी दर तीन-चार दिवसांनी बदलते, स्किमरच्या (फेसातून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राच्या) कप्प्याची पातळी काचेच्या पडद्याने कायम राहते, आणि पातळीतला सगळा चढउतार शेवटच्या कप्प्यात होतो. प्रत्येक वायर आता बटणाच्या बोर्डाच्या खाली झोळ देऊन मग वर नेली आहे, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळातूनच खाली गळते आणि प्लगपर्यंत पोचत नाही.

परतीच्या पाइपावर पंपाच्या लगेच वर एक जादा टी आणि त्याला प्लास्टिकचा बॉल व्हॉल्व्ह देऊन ठेवला आहे. एप्रिल-मेमध्ये खोलीचे तापमान ३५ अंशांपुढे जाते आणि टाकीला २६ अंशांच्या आसपास ठेवण्यासाठी चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) लागतोच; तो या टीवरून जोडला जाईल आणि त्याचे पाणी परत पहिल्या कप्प्यात सोडले जाईल. चिलरच्या नळ्यांतले पाणीही वीज गेल्यावर संपमध्ये उतरेल, म्हणून तो आला की बटण बंद करून काचेवर नवी रेघ ओढायची आहे.