वाट दाखवणारी मुलगी अदृश्य झाली नाही

नर्मदा परिक्रमा करून आलेल्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असतो. "काही अनुभव आला का?" पाय किती सुजले, जेवायचं-राहायचं कसं झालं, हे सगळं नंतर. अनुभव म्हणजे काय हवंय, हे विचारणाऱ्याला माहीत असतं आणि सांगणाऱ्यालाही. काठावरच्या आश्रमांत रात्री धुनीभोवती ज्या गोष्टी रंगतात, त्यांतली एखादी. शूलपाणीच्या झाडीत कपाळावर जखम असलेला उंच माणूस भेटला आणि त्याने तेल मागितलं. निर्मनुष्य रानात एका म्हातारीने झोपडीत बोलावून जेवू घातलं, सकाळी पाहावं तर झोपडीच नाही. आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकलेली म्हणजे, वाट चुकलो, एक लहान मुलगी आली, तिने रस्त्याला लावलं, मागे वळून बघतो तर कुणीच नाही.

या गोष्टी मी खोट्या मानत नाही. ज्यांनी मला सांगितल्या, त्यांच्यातल्या काहींचे डोळे सांगताना भरून आलेले मी पाहिले आहेत. मैया म्हणजे नर्मदा, आणि ती कुमारिका, म्हणून तटावर लहान मुलींच्या पाया पडतात, कन्याभोजन घालतात. तेव्हा वाट दाखवणारी ती मुलगी म्हणजे खुद्द मैयाच, हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. मलाही एका मुलीने वाट दाखवली. फक्त ती अदृश्य झाली नाही. ती घरी गेली, कारण तिला बकऱ्या बांधायच्या होत्या. तिच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वरला परिक्रमेचा संकल्प करून आम्ही दक्षिण तटाने निघालो. नर्मदेची लांबी १,३१२ किलोमीटर. परिक्रमेत तिला उजव्या हाताला ठेवायचं आणि पात्र कुठेही ओलांडायचं नाही. त्यामुळे दक्षिण तटाने समुद्रापर्यंत जायचं, तिथे नावेने पलीकडे जाऊन उत्तर तटाने उगमाशी यायचं आणि अमरकंटकला वळसा घालून पुन्हा दक्षिण तटाने ओंकारेश्वर. सोबत एक काका होते, माझ्या वडिलांच्या वयाचे, हातात वेताची काठी. आश्रमात पोचलं की पहिला प्रश्न "कितनी मूर्ती?" दोन मूर्ती म्हटलं की दोघांचं आसन लागायचं, दोघांचं पान वाढलं जायचं. ना ओळख, ना पाळख. पहिल्या आठवड्यात याचंच इतकं नवल वाटायचं की मी रोज डायरीत लिहून ठेवायचे. मग सवय झाली आणि लिहिणं थांबलं. हे थांबणं मला पुढे फार विचार करायला लावणार होतं.

बडवानीच्या पुढे सातपुडा सुरू होतो. मैया महाराष्ट्राला जेमतेम ५४ किलोमीटर शिवते, तीही नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या डोंगरांतून. पूर्वी इथली वाट पाण्याच्या कडेने जायची. सरदार सरोवराचं पाणी चढलं आणि त्या वाटा, काठची शेतं, कितीतरी पाडे खाली गेले. आता उतारांवरून, एका सोंडेवरून दुसऱ्या सोंडेवर, असं जावं लागतं आणि दिवसदिवस मैयाचं दर्शन होत नाही. हीच शूलपाणीची झाडी. एके काळी इथे परिक्रमावासीयांना लुटायचे, लंगोटीवर सोडायचे. आज त्याच डोंगरांत, स्वतःची जमीन पाण्याखाली गेलेली माणसं दारात आलेल्याला आधी पाणी विचारतात. भक्तीच्या भरात तटावरच्या माणसांची गरिबी विसरली जाते, आणि ती विसरणं मला पटत नाही. त्यांच्याकडे जास्तीचं होतं म्हणून त्यांनी दिलं, असं एकाही घरात नव्हतं.

तर त्या दिवशी दुपार कलली होती. साग आणि पळसाच्या उतारावर वाट दोन ठिकाणी फुटली. एक खाली, रुंद, रुळलेली. दुसरी वर, दगडांतून. एरवी दगडांवर बाण आणि 'नर्मदे हर' रंगवलेलं असतं, इथे काहीच नव्हतं. खालची वाट चांगली दिसत होती आणि ती मैयाकडे जात असणार, असं वाटत होतं. काकांनी पाऊल टाकलंही. तेवढ्यात वरून कुणीतरी जिभेचा टाळूवर आवाज केला, ढोरांना वळवताना करतात तसा.

दहा-अकरा वर्षांची मुलगी. डोक्याला फडकं, हातात फोक. मी मराठीत विचारलं, मग हिंदीत. ती पावरीत, तिथल्या आदिवासींच्या बोलीत, काहीतरी बोलली आणि खालच्या वाटेकडे बघून पंजा जोरजोरात हलवला. नको, नको. मग वर बोट केलं. पण ती लगेच निघाली नाही. तिची एक बकरी मागे राहिली होती, पुढचा पाय टेकत नव्हती. मुलगी दगडावर बसली, बकरीचा पाय दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरला, शेजारच्या बाभळीचा एक लांब काटा मोडून घेतला आणि त्याने खुरांच्या बेचक्यातलं मांस हलक्या हाताने उकरायला लागली. बकरी ओरडत होती. मुलगी तिच्याशी सारखी काहीतरी बोलत होती. शेवटी एक काळा, तुटका काटा बाहेर आला. तिने तो बोटावर ठेवून उन्हाकडे धरला, अख्खा निघाला ना हे बघितलं, आणि जखमेवर थुंकी लावून माती दाबली. मग आमच्याकडे बघून मान हलवली. चला.

ती पुढे, बकऱ्या मध्ये, आम्ही मागे. तिच्या टाचांना भेगा होत्या आणि त्यांत लाल माती भरलेली होती. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. पण काकांच्या काठीचा दगडांवरचा आवाज जरा मागे पडला की ती थांबायची, आणि आवाज जवळ आला की पुन्हा चालायची. हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. ती आमच्याकडे बघत नव्हती, आमचा आवाज ऐकत होती.

पाड्यावर पोचलो तेव्हा अंधार पडत होता. तिची आई दारातच उभी होती आणि तिने मुलीला उशीर झाल्याबद्दल चांगलंच फैलावर घेतलं. मुलीने माठातलं पाणी घटाघटा प्यायलं, तोंड पुसलं आणि बकऱ्या बांधायला गेली. आम्हाला कळलं की खालची वाट थेट धरणाच्या फुगवट्यात जाऊन संपते. पाणी चढण्याआधी तिकडे गाव होतं, वाट त्या गावाची. अंधारात त्या चिखलाच्या काठाशी पोचलो असतो तर काय झालं असतं, यावर काका त्या रात्री काहीच बोलले नाहीत. आम्ही मक्याची भाकरी आणि उडदाची डाळ खाल्ली.

झोपताना मी साखळी उलटी मोजत होते. बकरीच्या पायात काटा गेला म्हणून ती मागे राहिली. ती मागे राहिली म्हणून मुलगी त्या फाट्यावर होती. मुलगी होती म्हणून आम्ही वर गेलो. याला योगायोग म्हणणाऱ्याशी माझं भांडण नाही. पण माझी श्रद्धा त्या रात्री जी पक्की झाली ती याच साखळीमुळे. ती मुलगी आमच्यासाठी आली नव्हती. ती स्वतःच्या कामावर होती, बकरी तिच्या दुखण्यात होती, काटा झाडाचा होता. प्रत्येकाला आपापलं कारण होतं, आणि त्या सगळ्या कारणांमधून आमची वाट निघाली. देव काम करतो तो असाच करतो, असं मी मानते. जगाचे नियम बाजूला न सारता, त्यांच्याच आतून.

आणि ती अदृश्य झाली असती तर? तर मी जन्मभर सांगत सुटले असते. सकाळी ती खालच्या झिऱ्यावरून डोक्यावर एकावर एक दोन हंडे घेऊन चढ चढताना दिसली, तेव्हा मनात आलं की ती दिसतेय, घामेजलीय, आईचं बोलणं खातेय, एवढ्यावरून तिला 'अनुभवा'त धरायचं नाही, हा कुठला न्याय? काका तिच्या पाया पडायला वाकले तर ती हसत पळाली आणि आईच्या मागे लपली. तिचं नाव मी विचारून घेतलं. इथे लिहीत नाही, कारण तिच्या घरच्यांची परवानगी घेतलेली नाही.

गोऱ्याला शूलपाणेश्वराचं नवं मंदिर आहे, जुनं धरणाच्या पाण्यात गेलं. तिथून पुढे गुजरातचा सपाट मुलूख, ऊस, केळी, पक्के रस्ते. चालायला सोपं आणि सांगण्यासारखं थोडं. समुद्राच्या काठी कठपोरला मात्र थांबावं लागतं, नावेचा नंबर लागेपर्यंत आणि भरती येईपर्यंत.

नाव चिखलात कलती पडलेली होती. पाणी कुठे आहे असं विचारलं तर नावाड्याने हात लांबवून क्षितिजाकडे दाखवलं. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक देशात सगळ्यात मोठ्यांपैकी, भावनगरच्या बाजूला तो १० मीटरच्या वर जातो. रात्री उशिरा आम्हाला उठवलं. कंदिलाच्या उजेडात मी चिखलाकडे बघत उभी राहिले. आधी खेकड्यांच्या बिळांतून बुडबुडे आले. मग चिखलावरच्या बारीक चऱ्यांमधून पाण्याची बोटभर जीभ पुढे सरकली, थांबली, पुन्हा सरकली. कुठेही लाट नाही, आवाज नाही. थोड्या वेळाने घोटाभर, मग गुडघाभर, आणि इतक्या माणसांना हलवता न येणारी ती जड लाकडी नाव करकरली आणि सरळ झाली. कुणीही हात लावलेला नव्हता.

या भरतीची वेळ छापील तक्त्यात वर्षभर आधी मिळते. चंद्र आणि सूर्याच्या ओढीचं गणित पक्कं आहे. माझ्या शेजारी बसलेले एक गृहस्थ म्हणालेही, "यात काय, हे रोजचंच आहे." दिवसातून दोनदा, लाखो वर्षं, आणि कधी चुकलं नाही, याला 'यात काय' म्हणायला आपली जीभ कशी वळते? एकदाच झालं असतं तर त्या किनाऱ्यावर देऊळ उभं राहिलं असतं. मी नावेत बसून हात जोडले ते समुद्राला, आणि त्या तक्त्यालाही. गणित ज्याने इतकं सरळ लिहिलं त्याच्यापुढे मान झुकते.

मिठी तलाईला उतरून उत्तर तटाने चालू लागलो. गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीपाशी मराठी माणसाची पावलं थबकतातच. कोकणातल्या माणगावहून निघालेला हा संन्यासी १९१४ साली इथे मैयाच्या काठी विसावला. महेश्वरला अहिल्यादेवींचे घाट, नेमावरला सिद्धनाथ. या दोन्ही ठिकाणांवर वेगळं लिहीन.

अमरकंटकला पोचेपर्यंत ऊन चांगलंच तापलं होतं. इथे मला जे कळलं ते आधीच कळायला हवं होतं, असं वाटून गेलं. गंगा-यमुनेच्या डोक्यावर हिमालयाचा बर्फ आहे. नर्मदेच्या डोक्यावर बर्फाचा कणही नाही. मैकल डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आसपास, तिथे बर्फ पडत नाही. मग उन्हाळ्यात, ढगाचा पत्ता नसताना, कपिलधारेवरून सुमारे १०० फूट खाली उडी घेणारं पाणी येतं कुठून? खालच्या भागात धरणं पाणी सोडतात हे खरं, पण इथे तर बरगीचं पहिलं मोठं धरणही अजून खूप पुढे आहे.

हे पाणी गेल्या पावसाळ्यातलं. आषाढ-श्रावणात पडलेला पाऊस सालवृक्षांच्या पाचोळ्यात अडकतो, मुळांच्या वाटेने जांभ्यात मुरतो, खालच्या काळ्या खडकाच्या भेगांतून महिनोन्‌महिने झिरपत राहतो आणि थेंबाथेंबाने प्रवाहाला मिळतो. मी ओंजळीत घेतलं ते पाणी दहा महिने अंधारात चालत आलं होतं. हे कळल्यावर मैया माझ्यासाठी कमी झाली नाही, वाढली. कारण सापडलं की चमत्कार संपला, असं मानणाऱ्यांनी कपिलधारेच्या वर, सालाच्या रानात एकदा खाली वाकून पाचोळा उचलावा. भर उन्हाळ्यातही खालची माती बोटाला गार लागते.

आणि हा चमत्कार माणसाला मोडता येतो, हेही तिथेच कळलं. याच माथ्यावर बॉक्साइटच्या खाणी झाल्या. पाणी धरून ठेवणारा थर खरवडला, सालाची झाडं गेली, की दर्शन घ्यायला उगमाचं कुंड राहील, धार राहणार नाही. नुसतं 'नर्मदे हर' म्हणून ती वाहत राहील, असं मला वाटत नाही. आपल्या हाती दिलेलं राखणं, हीसुद्धा भक्तीच आहे, आणि यावर आश्रमांमध्ये फार कमी बोललं जातं याचं मला वाईट वाटतं.

उगमानंतरच्या परतीच्या वाटेवर मी डायरी पुन्हा सुरू केली. मोठं काही नाही, फक्त त्या दिवशी कुणी काय दिलं. दिंडोरीच्या अलीकडे एका शिंप्याने झोळीचा बंद शिवून दिला. एका शाळकरी मुलाने सायकल थांबवून पुढचा हातपंप कुठे आहे ते सांगितलं. एका सकाळी पायावरचा फोड आपोआप सुकलेला होता, आणि आत नवी गुलाबी कातडी. ती कुणी विणली? मी तर झोपले होते.

पुढच्या कार्तिकात जाणार असाल तर थोडं माझं ऐका. सातपुड्यात पाड्यावर मुक्काम करणार असाल तर आपल्यापुरतं पीठ आणि डाळ सोबत ठेवा, त्या घरावर भार टाकू नका. मुलांना गोळ्या-चॉकलेटं वाटू नका, वह्या-पेन्सिली द्या. काटा काढायची सुई आणि जखमेवरचं मलम थोडं जास्तच घ्या, माणसांना लागतं आणि बकऱ्यांनाही. आणि त्या फाट्यावर आता कुणीतरी दगडावर चुन्याने बाण काढला आहे, असं नंतर जाऊन आलेल्या ओळखीच्यांनी कळवलंय. पावसात तो पुसला गेला असेल तर वरची, दगडांतली वाट धरा.