तुळशीवृंदावनाच्या चार बाजू

पेडण्याहून सकाळची कदंबची बस पकडायची, म्हापशाला उतरून पणजीची धरायची, पणजीहून पुन्हा बस बदलून ताळगावच्या पठारावर विद्यापीठ. चौथीपर्यंत मी मराठी शाळेत होते, त्यामुळे कॉम्प्युटर ग्राफिक्स निवडताना मनात एवढंच होतं की चित्रं काढायची आहेत, इंग्रजी कमी लागेल. इंग्रजी कमी लागलं हे खरं, पण चित्रं एकही नव्हती. सगळी मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचे चौकोनी तक्ते.

पहिल्या महिन्यात आलेखाच्या कागदावर रेघ काढली. ब्रेझनहॅमने १९६२ साली आयबीएममध्ये प्लॉटरसाठी, म्हणजे कागदावर रेघा काढणाऱ्या यंत्रासाठी, काढलेली पद्धत. (२, १) पासून (८, ५) पर्यंत जायचं तर उजवीकडे सहा आणि वर चार. दरवेळी उजवीकडे एक घर सरकायचंच. वर चढायचं की नाही हे एक आकडा ठरवतो. सुरुवातीला तो २. शून्य किंवा जास्त असेल तर चढायचं आणि त्यातून ४ वजा करायचे, ऋण असेल तर न चढता ८ मिळवायचे. २, उणे २, ६, २, उणे २, ६ असं करत रेघ बरोबर (८, ५) वर येऊन टेकली. भागाकार नाही, अपूर्णांक नाही. मला त्या दिवशी हा विषय आवडला, आणि हे मी कोणाला सांगितलं नाही, कारण वर्गातल्या बाकीच्यांना तो फारच क्षुल्लक वाटला होता.

पुढे चहादाणी आली. युटा विद्यापीठात मार्टिन न्यूवेलने १९७५ मध्ये घरच्या चहादाणीवरून आकडे घेऊन बनवलेली ही चहादाणी ग्राफिक्सच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या नशिबी येतेच. माझी जागच्या जागी फिरायला हवी होती. ती पडद्याबाहेरून मोठी प्रदक्षिणा घालून यायची. आधी फिरवून मग सरकवायचं होतं, मी आधी सरकवून मग फिरवत होते. मॅट्रिक्सच्या गुणाकारात क्रम बदलला की उत्तर बदलतं हे बारावीत पाठ केलं होतं, पण ते डोळ्यांनी पाहायला तीन संध्याकाळी गेल्या. बिंदूच्या x, y, z या तीन आकड्यांना चौथा आकडा कशाला लावतात तेही तेव्हाच कळलं: सरकवणं म्हणजे बेरीज, ती ३×३ च्या गुणाकारात बसत नाही, म्हणून ४×४.

ग्राफिक्सची परीक्षा निभावली. जुलैपासून कॉम्प्युटर व्हिजन, म्हणजे नेमकं उलटं काम. तिथे आकड्यांवरून चित्र, इथे चित्रावरून आकडे. पहिल्या प्रॅक्टिकलला माझा चेहरा निळा आला, कारण ओपनसीव्ही ही चित्रं हाताळायची लायब्ररी रंग निळा-हिरवा-लाल या क्रमाने वाचते. हे सगळ्यांचंच होतं, पुढे जाऊ.

खरी अडचण कॅमेरा कॅलिब्रेशनची. झांगच्या पद्धतीत बुद्धिबळाच्या पटासारखा नमुना छापून वेगवेगळ्या कोनांतून फोटो घ्यायचे. चौकोनांचे कोपरे कुठे असायला हवेत आणि फोटोत कुठे दिसतात, यातल्या फरकावरून कॅमेऱ्याची फोकल लेंग्थ आणि लेन्समुळे चित्रात येणारा वाकडेपणा निघतो. मी नमुना पुठ्ठ्यावर चिकटवला. चूक दोन पिक्सेलच्या खाली येईना. कोड पुन्हा पुन्हा तपासला. शेवटी पुठ्ठा टेबलावर ठेवला तर तो डुलत होता. ऑगस्टमधला गोवा, पापड सादळतो तिथे पुठ्ठा काय सरळ राहणार? आणि ही सगळी पद्धत नमुना सपाट आहे याच गृहीतकावर उभी. गणपतीच्या जुन्या तसबिरीची काच काढून त्यावर कागद चिकटवला, आणि चूक अर्ध्या पिक्सेलच्या आत. आईने तसबीर रिकामी पाहिली तेव्हाचं बोलणं इथे देत नाही.

प्रोजेक्टसाठी मी अंगणातलं तुळशीवृंदावन घेतलं: फोटोंवरून त्याचं थ्रीडी मॉडेल. सप्टेंबरात मोबाईलवर वीस-पंचवीस फोटो काढून कोलमॅप या फोटोंवरून मॉडेल बनवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये घातले, तर चक्क बरं आलं. शेवाळ, उडालेला रंग, पावसाचे ओघळ. फोटोंतल्या खुणा शोधणाऱ्या डेव्हिड लोच्या सिफ्ट पद्धतीला हेच हवं असतं. प्रत्येक डाग म्हणजे ओळखायची एक खूण. मग नीट फोटो दिवाळीनंतर काढू म्हणून मी निवांत राहिले.

दिवाळीनंतर येते व्हडली दिवाळी, म्हणजे तुळशीचं लग्न. बाबांनी वृंदावन घासून स्वच्छ केलं, पांढरा रंग दिला आणि चारही बाजूंच्या कमळांना तोच लाल.

मी गोल फिरून चौऱ्याऐंशी फोटो काढले. मॉडेल तयार झालं, सुरेख दिसत होतं, आणि वृंदावनाला एकच बाजू होती. कॅमेऱ्यांच्या जागा दाखवणारे छोटे लाल पिरॅमिड पाहिले तेव्हा कळलं. मी पूर्ण प्रदक्षिणा घातली होती, पण संगणकाच्या मते चौऱ्याऐंशी वेळा तुळशीसमोरच उभी होते. चारही कमळं सारखी, पांढऱ्या चुन्यावर दुसरी खूण नाही, म्हणून त्याने चार बाजूंची एकच घडी घातली. त्याची चूक म्हणता येत नाही. मलाही एकेकटे फोटो दाखवले असते तर बाजू सांगता आली नसती.

रंग खरवडायला बाबांनी अर्थातच नकार दिला. मग रद्दी काढली. वृंदावनाभोवती अंगणात वर्तमानपत्रांची पानं पसरली, कोपऱ्यांवर चिऱ्याचे तुकडे ठेवले. छापलेलं पान म्हणजे खुणांची खाण, आणि कुठलंही पान दुसऱ्यासारखं नाही. शिवाय प्रत्येक फोटो सगळ्यांशी न ताडता फक्त काढलेल्या क्रमाने शेजारच्यांशी ताडायला लावला. आजी ओट्यावरून पाहत होती. लग्नाच्या मांडवाखाली रद्दी अंथरतेस, म्हणाली. ऊस आणि आवळ्याची फांदी अजून उतरवली नव्हती.

या वेळी चारही बाजू आल्या.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकांनी मॉडेल माउसने गरगर फिरवलं, खाली आणलं, आणि मथळे वाचायला लागले. दोन शब्द लागलेही त्यांना. मग वर गेले.

"वृंदावन छान आलंय. तुळस कुठे आहे?"

वर हिरवट धुक्यासारखं काहीतरी होतं.

"वारा होता, सर. दोन फोटोंमध्ये पान हललं की ताळा जुळत नाही."

ते हसले, एक कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, आता दोन फोटोंमधलं नातं सांगणारी फंडामेंटल मॅट्रिक्स काढून दाखवा.