भरलेली बाटली

एम. फार्मच्या प्रबंधासाठी मी विस्टार जातीच्या प्रयोगशाळेतल्या रॅटवर (मोठ्या उंदरांवर) काम करत होते. प्रत्येकाला स्वतंत्र पिंजरा आणि दोन बाटल्या: एकीत साधं पाणी, दुसरीत १० टक्के अल्कोहोल. रोज सकाळी बाटल्यांचं वजन करायचं आणि जागा बदलायची, नाहीतर रॅट सवयीच्या बाजूलाच तोंड लावतो. सात नंबरचा नर पक्का पिणारा. अल्कोहोलच्या बाटलीतलं रोज साधारण १८ ग्रॅम संपवायचा.

त्या सकाळी त्याची अल्कोहोलची बाटली जेमतेम ३ ग्रॅमनी उतरली होती. वाटलं, बाटलीच्या नळीतली धातूची गोळी अडकली. अ‍ॅनिमल हाऊसच्या काकांनी बाटली उलटी धरून टिचकी मारली. थेंब लगेच पडला.

"मॅडम, बाटली चांगली आहे. यानंच तोंड लावलं नाही."

पाण्याची बाटली मात्र रोजच्यापेक्षा कितीतरी खाली गेली होती.

डायसल्फिरामचा, म्हणजे दारू सोडवायला देतात त्या औषधाचा, तिसरा दिवस होता. पुस्तकातलं सगळं पाठ होतं. यकृतात अल्कोहोलचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, मग एएलडीएच-२ हे विकर (एन्झाइम) त्याचं अ‍ॅसिटेट करतं. औषध ते विकर बंद पाडतं, अ‍ॅसिटाल्डिहाइड रक्तात साचतं आणि जीव कासावीस होतो. १९४०च्या दशकात कोपनहेगनच्या हाल्ड आणि याकोबसेन यांना हे कळलं, तेही जंतांवरचं औषध शोधताना, स्वतः घेऊन बघितल्यावर. चिलीत तर कमी पिणाऱ्या रॅटचा वंशच जोपासलाय; त्यांचं हे विकर जन्मतःच कमजोर असतं.

पण त्या भरलेल्या बाटलीपुढे मला आठवला माझा मामा. दारू सुटावी म्हणून त्याला आम्ही पंढरपूरची माळ घातली, लेकरांची शपथ घातली. सात नंबरला कोणी काही समजावलं नव्हतं.

औषध थांबवलं. बंद पडलेलं विकर पुन्हा चालू होत नाही, यकृताला ते नव्यानं बनवावं लागतं. वहीत आकडे चढत गेले: ४, ७, ११. नवव्या दिवशी १६.

मामानंही याच औषधाची गोळी सोडल्यावर दहाव्या दिवशी पुन्हा दारू सुरू केली होती. तेव्हा मी मामीसमोर त्याला निर्लज्ज म्हणाले होते. फार चुकले.

संध्याकाळी मामीला फोन केला. म्हटलं, त्याला पुन्हा डॉक्टरांकडे न्या. गोळी चालू झाली की रोज तुमच्या हातानं द्या, पण त्याला सांगून. जेवणात चोरून कधीच नाही, वरून दारू प्यायला तर जिवावर बेतेल.

मामीनं विचारलं, "आणि मी गावाला गेले तर?"

म्हटलं, "मी येते."