भुसावळहून मतमाउलीकडे, पायी

मी रेल्वेत चावीवाला आहे. बाहेरच्या माणसाला हे काम फारसं माहीत नसतं, म्हणून आधी तेच सांगतो. रुळाचा ठरलेला तुकडा, आम्ही त्याला बीट म्हणतो, माझ्याकडे असतो. सकाळी हातोडा, पाना, लाल झेंडी घेऊन निघायचं. जाताना एका बाजूने बघत जायचं, येताना दुसऱ्या बाजूने. किलोमीटरला रुळाखाली साधारण 1,660 स्लीपर आणि दर स्लीपरला रूळ धरून ठेवणाऱ्या चार क्लिपा. गाड्यांच्या हादऱ्याने क्लिपा बाहेर सरकतात, त्या ठोकून आत बसवायच्या, ढिले बोल्ट आवळायचे, रुळाला कुठे चीर पडली आहे का ते बघायचं. संध्याकाळी सगळं जागच्या जागी असतं. रात्रभर गाड्या धावतात आणि सकाळी कुठेतरी क्लिप पुन्हा सरकलेली असते.

"पप्पा, आज काय केलं?" असं पोरीने विचारलं की मला उत्तर सुचायचं नाही. माझं काम नीट झालं याचा अर्थच असा की त्या दिवशी काही घडलं नाही. देवावर राग नव्हता, चर्चमधली रविवारची मिस्सा कधी चुकवली नाही. पण रविवार आणि सोमवार यांची ओळखच नव्हती. वेदीपुढे गुडघे टेकणारा मी वेगळा आणि रुळावर वाकणारा मी वेगळा, असं वर्षानुवर्षं चाललं.

श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची, म्हणजे येशूच्या आईची, पवित्र मरियेची यात्रा भरते. 8 सप्टेंबर हा तिचा जन्मदिवस, त्याच्या आगेमागे. आमच्याकडचे बहुतेक लोक गाडीनेच जातात. आम्ही काही जणांनी पायी जायचं ठरवलं. भुसावळ, जळगाव, पाचोरा, भडगाव, चाळीसगाव, मग कन्नडचा घाट चढून खानदेशाबाहेर. मी रजा टाकली.

साकेगावला वाघूर ओलांडली, नशिराबाद मागे पडलं तोवर गाणी, गप्पा, फोटो सगळं चाललं होतं. जळगावनंतर बोलणं आपोआप कमी झालं. शिरसोली, वावडदा, सामनेर, नांद्रा. दोन्ही बाजूंना कपाशी, मधे केळीचे मळे, पुन्हा कपाशी. पाऊस उघडला की सप्टेंबरातलं आमच्याकडचं ऊन मेपेक्षा जास्त चावतं, अंगातून नुसत्या धारा लागतात. काळी माती चपलेला थरावर थर चिकटते. थांबून काडीने खरवडायची, शंभर पावलांवर पुन्हा तेच. यात्रेला निघालं की मन मोकळं होतं म्हणतात. मला तर ही माझी बीटच लांबवल्यासारखी वाटत होती, फक्त खांद्यावर हातोडा नव्हता.

आणि हातात रोझरी, म्हणजे जपमाळ. एका माळेत नमो मरिया 53 वेळा येते. सुरुवातीचे तीन मणी, मग दहा-दहा मण्यांची पाच दशकं, तीच प्रार्थना, तेच शब्द. पुढची बाई अर्धं म्हणणार, मागच्यांनी उरलेलं पुरं करायचं. माळ संपली की क्रूसाची खूण आणि थोड्या वेळाने पुन्हा पहिला मणी.

आमच्यात एक मावशी होत्या. मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करण्यात त्यांचा जन्म गेला. पाचोऱ्याच्या अलीकडे एका शेतातल्या लिंबाखाली टेकलो तेव्हा त्यांनी कळण्याच्या भाकरी सोडल्या आणि पाट्यावर वाटलेला ठेचा काढला. त्यांच्या उजव्या तळहाताला, अंगठ्याच्या खाली, एक चकाकणारा घट्टा आहे. भाकरी थापून तिथली कातडी पार गुळगुळीत झाली आहे, रेषासुद्धा पुसट. मी बघतोय हे त्यांच्या ध्यानात आलं.

मी म्हटलं, "मावशी, कंटाळा नाही येत? एवढ्या भाकरी, आणि रात्री टोपली रिकामीच."

"येतो ना बेटा. कंबर धरली की फार येतो." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पण रानात देवाने इस्राएली लोकांना मान्ना, ती आकाशातली भाकर, कसा दिला? रोजचा रोज. जास्तीचा ठेवला की त्यात किडे. शब्बाथासाठी, विश्रांतीच्या दिवसासाठी, तेवढा आदल्या दिवशी दुप्पट. चाळीस वर्षं दिला, पण चाळीस वर्षांचा एकदम नाही टाकला. देवाला स्वतःला रोज उठून तेच द्यावंसं वाटतं, तर मी कोण कंटाळणारी? माझी टोपली रिकामी झाली म्हणजे पोरी जेवल्या."

बायबलातल्या निर्गमचा सोळावा अध्याय, ही मान्नाची गोष्ट, मी कितीदा ऐकला असेन. त्यातला देव मला नेहमी चमत्कार करणारा दिसला होता. पहाटे उठून तेच काम पुन्हा करणारा देव मावशींनी दाखवला. पुन्हा करावं लागतं म्हणजे कालचं वाया गेलं, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. रोज सरकणाऱ्या क्लिपेचा मला राग येत होता तो म्हणूनच. पण क्लिप सरकते याचा अर्थ तिच्यावरून गाडी गेली, आतली माणसं आपापल्या घरी उतरली.

त्यानंतरचं चालणं मला जड गेलं नाही असं म्हणणार नाही, फोड तर पाचोऱ्यानंतरच फुटले. पण आता मी वाट संपायची वाट बघत नव्हतो.

भडगावपासून कजगावकडे चाललो होतो. गावं अहिराणी बोलणारी. एका ओट्यावरून म्हाताऱ्या बाबांनी हाक मारली, "कथा चालनात, भाऊ?" सांगितलं, हरेगावला, मतमाउलीच्या दर्शनाला. त्यांना हरेगाव ठाऊक नव्हतं, पण माय आणि पायी एवढं पुरलं. ते स्वतः मुक्ताईचे वारकरी, कोथळीहून पंढरपूरपर्यंत पालखीबरोबर महिनाभर चाललेले. त्यांनी सुनेला गरम पाण्यात मीठ घालून घमेलं आणायला सांगितलं, माझे पाय त्यात ठेवायला लावले आणि फोडाला सुईदोरा कसा घालायचा ते शिकवलं. दोरा आतच ठेवायचा, पाणी झिरपून जातं. निघताना "दोन घास खाई ल्या" म्हणून बसवलंच. त्यांच्या अंगणात आम्ही जेवणाआधीची प्रार्थना म्हटली तेव्हा ते हात जोडून उभे होते. खानदेशात चालणाऱ्या माणसाला कुठला देव हे नंतर विचारतात, आधी पाणी देतात. याबद्दल मी या मातीचा कायमचा ऋणी आहे.

चाळीसगावच्या वाटेवर डोक्यात येशूचं गाव नाझरेथ होतं. शुभवर्तमानात लूक सांगतो, येशूने कार्य सुरू केलं तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. त्याआधीच्या वर्षांबद्दल बारा वर्षांचा असताना मंदिरात सापडला एवढी गोष्ट सोडली तर जवळजवळ काही लिहिलेलं नाही. गावकरी त्याला सुतार म्हणूनच ओळखत होते. म्हणजे देवाच्या पुत्राच्या आयुष्याचा बहुतेक भाग रंधा, करवत आणि गिऱ्हाइकांची दारं-नांगर यांत गेला. त्याला वाढवणाऱ्या संत योसेफाचा तर चारही शुभवर्तमानांत एक शब्द नाही. त्याच योसेफाला कामगारांचा आश्रयदाता संत म्हणून पोप बाराव्या पायसांनी 1955 साली 1 मे हा दिवस दिला. आपल्या उपासनेच्या वर्षातही बघा, नाताळ आणि पास्काचे (ईस्टरचे) हंगाम थोडे, बाकीचे तेहतीस-चौतीस आठवडे सामान्य काळ. फादर हिरवा झगा घालतात, सण काही नसतो. आमची यात्रासुद्धा त्याच हिरव्या दिवसांत होती. ख्रिस्तसभेने वर्षाचा सर्वांत मोठा हिस्सा साध्या दिवसांना दिला आहे आणि मी मात्र देवाला सणांत शोधत होतो.

चाळीसगाव सोडलं की समोर सातमाळा डोंगररांगेची भिंत उभी राहते. घाटाच्या पायथ्याशी आम्ही बायबलातलं 121 वं स्तोत्र म्हटलं, पर्वतांकडे डोळे लावून साहाय्य मागणारं. यरुशलेमेला चढणाऱ्या यात्रेकरूंच्या स्तोत्रांपैकी ते एक. त्याच्या शेवटी परमेश्वर तुझं जाणं-येणं सांभाळील असं वचन आहे. जाणं आणि येणं, दोन्ही. माझी नोकरी तेवढीच आहे. त्या ओळीला मला पुढे म्हणता येईना, मावशींनी पूर्ण केलं.

घाट चढलो, खानदेश खाली राहिला. हरेगावबद्दल फार लिहीत नाही. गर्दी होती, मेणबत्त्या होत्या, माउलीपुढे मला जे मागायचं होतं ते मागायची गरज उरली नव्हती. पोरीसाठी आणि त्या बाबांच्या घरासाठी प्रार्थना केली.

आता ड्युटीवर मी रोझरी हातात घेत नाही. रुळावर लक्ष रुळावरच पाहिजे, तिथे डोळे मिटणं ही भक्ती नव्हे. निघण्याआधी दिवस देवाला अर्पण करतो आणि मग क्लिपा नीट बघणं हीच प्रार्थना. गाडी आली की बाजूला उभा राहतो, तेव्हा डब्यांतल्या माणसांसाठी एक नमो मरिया होते. गीतांजली एक्सप्रेस असो नाहीतर मालगाडीतले ड्रायव्हर-गार्ड.

आणि रविवारी फादर भाकर उचलतात, भूमीचं आणि माणसांच्या श्रमाचं फळ म्हणून ती देवापुढे धरतात, तेव्हा मी आठवडा तिथे ठेवतो. मागे एकदा रुळाच्या वेल्ड केलेल्या जोडाजवळ केसाएवढी चीर दिसली होती. झेंडी दाखवली, आमच्या टोळीच्या मुकादमाला, मेटला, कळवलं, दुरुस्ती होईपर्यंत गाड्या हळू काढल्या. तो आठवडा ठेवला. ज्या आठवड्यांत काहीच सापडलं नाही तेही तितक्याच आनंदाने ठेवतो. असे आठवडे जास्त आहेत.