अंतराळ स्थानकाशी दहा मिनिटे: तयारीचा माझा अनुभव

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील अंतराळवीराशी हॅम रेडिओवरून (परवाना घेऊन हौसेने चालवल्या जाणाऱ्या रेडिओवरून) शाळकरी मुलांचे संभाषण घडवून आणणारा ‘एरिस’ हा उपक्रम आहे. या स्थानकाशी झालेले असे पहिले शालेय संभाषण डिसेंबर २००० मधले. आमच्या शाळेच्या वतीने त्यासाठी अर्ज करायचे ठरले, तेव्हा सगळी अडचण अँटेनाची असणार, असे मी गृहीत धरले होते आणि अर्जाचा पहिला मसुदाही यंत्रसामग्रीच्या वर्णनानेच भरून टाकला होता. प्रत्यक्षात अर्जात अधिक विचारणा होती ती मुले आधी काय शिकतील आणि पालक व आसपासची मंडळी त्यात कशी येतील याची, त्यामुळे तो मसुदा बाजूला ठेवून पुन्हा लिहावा लागला.

निवड झाल्यावर तांत्रिक मार्गदर्शक मिळाले. दूरच्या भूस्थानकाने पकडलेला आवाज दूरध्वनीवरून ऐकण्याची सोय असते. परंतु परवानाधारक हॅम चालक मदतीला तयार असल्याने आम्ही थेट संपर्काचा मार्ग घेतला. स्थानक ताशी सुमारे २७,६०० किलोमीटर वेगाने जात असल्यामुळे एका क्षितिजावर उगवून दुसऱ्यावर मावळेपर्यंत जेमतेम दहा मिनिटे मिळतात, आणि तेवढ्या वेळात यागी अँटेना (एका दिशेला रोखून धरायची अँटेना) सतत त्याच्याकडे वळती ठेवावी लागते. त्याचा आवाज १४५.८०० मेगाहर्ट्झवर येतो, पण डॉप्लर परिणामामुळे स्थानक जवळ येताना ही वारंवारता तीन किलोहर्ट्झहून थोडी अधिक वाढलेली आणि दूर जाताना तेवढीच घटलेली आढळते. सरावाच्या दिवशी हा फरक पडद्यावर सरकताना मुलांनी स्वतः पाहिला. फळ्यावर तो मला कधीच इतका नीट समजावता आला नव्हता.

खरा वेळ गेला तो प्रश्न निवडण्यात. आलेल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे पाठ्यपुस्तकातच होती. ‘तिथे गुरुत्वाकर्षण नसते, मग झोपता कसे?’ या प्रश्नावर तर आमचा एक पूर्ण तास खर्ची पडला, कारण सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरही गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असते आणि स्थानकासह सारेच सतत पृथ्वीभोवती पडत राहिल्याने वजन जाणवत नाही, हे मुलांनी आधी मान्यच केले नाही. शेवटी प्रश्न झाला, ‘आपण सतत पडत आहोत, हे झोपेत जाणवते का?’ मला तो मूळ प्रश्नापेक्षा कितीतरी सरस वाटतो.

तारीख अंतराळवीरांच्या कामाच्या वेळापत्रकावर अवलंबून असल्याने आधी फक्त आठवडा कळला, नेमकी वेळ बरीच उशिरा. तोवर मुलांनी प्रश्न थोडक्यात विचारून शेवटी ‘ओव्हर’ म्हणण्याचा इतका सराव केला, की वर्गातही ती तसेच बोलू लागली.

त्या दिवशी आमच्या पहिल्या दोन हाकांना केवळ खरखर ऐकू आली, कारण स्थानक अजून समोरच्या इमारतीच्या आड होते. तिसऱ्या हाकेला उत्तर आले. झोपेचा प्रश्न सातवा होता, आणि सुरुवातीचे काही दिवस पडल्यासारखे वाटायचे, आता मात्र वाटत नाही, असे उत्तर मिळाले. सोळावे उत्तर अर्ध्यावर असतानाच आवाज पुन्हा खरखरीत बुडाला. सतराव्या क्रमांकाची मुलगी चिठ्ठी हातात धरून मायक्रोफोनपाशी तशीच उभी होती. तिचा प्रश्न आम्ही दुसऱ्या दिवशी वर्गात घेतला.