तुम्ही विचारलंत म्हणून: गॅलरीतला निळा-पांढरा झेंडा

"तुमचा आणि अर्जेंटिनाचा संबंध काय हो?" लिफ्टमध्ये, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, एकदा तर सत्यनारायणाचा प्रसाद हातावर घेताना मला हे विचारून झालंय. फुटबॉलचा वर्ल्ड कप आला की आमच्या गॅलरीत निळा-पांढरा झेंडा लागतो. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर भाव एकच: वय काय, चाललंय काय!

अर्जेंटिनाशी माझा काही संबंध नाही. संबंध आहे तो खालच्या मजल्यावरच्या माणसाशी. तो ब्राझीलवाला.

आम्ही दोघं ठाण्यात चरईतल्या एकाच चाळीत वाढलो, भिंतीला भिंत. २४ जून १९९०, रविवार, रात्री साडेआठ. चाळीत रंगीत टीव्ही एकच, तो त्यांच्याकडे. इटलीत तुरिनला ब्राझील-अर्जेंटिना सामना, हरेल तो घरी. ब्राझीलचा चेंडू तीनदा गोलखांबांना लागून परत आला. आमचा ब्राझील प्रत्येक वेळी उठून उभा राहायचा, काकू त्याला खाली बसवायच्या. शेवटची दहा मिनिटं राहिली असताना मॅराडोनाने तीन-चार जणांना अंगावर ओढून घेतलं आणि त्यांच्या मधूनच चेंडू कनीजियाकडे सरकवला. त्याने गोलकीपरला वळसा घातला. एक-शून्य! मी त्यांच्याच सतरंजीवर, त्यांच्याच घरात नाचलो. सामना संपल्या संपल्या काकूंनी टीव्ही बंद केला आणि म्हणाल्या, "जा रे आता घरी, आई वाट बघत असेल." आई शेजारच्याच खोलीत होती.

खरं सांगू? त्या संध्याकाळपर्यंत मी कोणाचाच नव्हतो. तो पिवळ्यांच्या बाजूने बसला होता, म्हणून मी दुसऱ्या बाजूला बसलो. पुढे चाळ पाडली, टॉवर उभा राहिला. चिठ्ठ्या टाकून मजले ठरले. त्याला चौथा, मला पाचवा. भिंत गेली, मध्ये स्लॅब आला, एवढाच फरक.

तिकडचं ब्राझील-अर्जेंटिनाचं भांडणही याच जातीचं. गावाकडे बांधावरून होतं ना, तसं. लांबच्या माणसाने चार एकर घेतली तर आपल्याला काही नसतं; चुलतभावाने बांध वीतभर सरकवला की कोर्टकचेरी. २०१४चा वर्ल्ड कप ब्राझीलमध्ये होता. हजारो अर्जेंटिनावाले सीमा ओलांडून गेले. रिओत सांबाड्रोमच्या, म्हणजे कार्निव्हलची मिरवणूक निघते त्या जागेच्या आवारात गाड्या लावून तिथेच झोपत होते आणि दिवसभर यजमानांनाच चिडवणारी गाणी म्हणत होते. उपांत्य फेरीत जर्मनीने ब्राझीलला ७-१ असं धुतलं. मग काय, निळ्या-पांढऱ्या टोळक्यांनी रस्त्यात दिसेल त्याला सात बोटं दाखवायला सुरुवात केली. मीही मागे नव्हतो. सकाळी आमच्या ब्राझीलच्या दाराच्या कडीला पावाची पिशवी अडकवून आलो, मोजून सात. पाच दिवसांनी अंतिम सामना जर्मनी-अर्जेंटिना. माराकाना स्टेडियममधले कितीतरी ब्राझीलवाले त्याच जर्मनीसाठी ओरडत होते! ज्याने सात गोल घातले तो चालेल, पण शेजारी नको. जर्मनीच्या ग्योट्झने ज्यादा वेळेत गोल केला तेव्हा इकडे रात्रीचे तीन वाजले असतील. चौथ्या मजल्यावरून दिवाळीतली उरलेली लवंगीची माळ वाजली. दारात पावाची पिशवी परत आली. रिकामी.

(आमचा ब्राझील ती पिवळी जर्सी घालून मिरवतो, तिची गोष्ट मी त्याला मुद्दाम पुन्हा पुन्हा सांगतो. १९५० साली याच माराकानात ब्राझील उरुग्वेकडून २-१ने हरला, तेव्हा जर्सी पांढरी होती. ती अपशकुनी ठरली. मग एका वर्तमानपत्राने नव्या जर्सीसाठी स्पर्धा घेतली. जिंकला आल्दीर श्ली नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा, उरुग्वेच्या सीमेवरच्या गावातला. आणि तो स्वतः पाठीराखा उरुग्वेचा!)

११ जुलै २०२१ला कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकेतल्या देशांच्या स्पर्धेचा अंतिम सामना होता, पुन्हा माराकाना, पुन्हा हेच दोघे. आपल्याकडे रविवार, पहाटे साडेपाच, बाहेर धो धो पाऊस. कोविडचे निर्बंध, एकत्र बसायची सोय नाही. बाविसाव्या मिनिटाला अर्जेंटिनाच्या दी मारियाने गोलकीपरच्या डोक्यावरून चेंडू अलगद उचलून टाकला आणि तो एक गोल पुरला. २८ वर्षांनी मोठा चषक! मी गॅलरीत जाऊन स्टीलची थाळी बडवली. सहाव्या मजल्यावरच्या आजी घाबरून वाकल्या, "पुन्हा वाजवायला सांगितल्यात का हो?" खालून आमचा ब्राझील ओरडला, "आजी, याला आत घ्यायला सांगा!" नऊ वाजता मास्क लावून तोच दारात उभा, हातात मामलेदारची मिसळ, पार्सल. हरेल त्याने मिसळ आणायची, हा आमचा जुना करार. त्याने तिखट सांगितली होती. मला ती झेपत नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

नोव्हेंबर २०२३ला मात्र थाळी काढली नाही. पुन्हा ब्राझील-अर्जेंटिना, पण माराकानात राष्ट्रगीताच्या वेळीच प्रेक्षकांत मारामारी, पोलिसांच्या लाठ्या, सामना अर्धा तास उशिरा. अर्जेंटिना जिंकली, पण त्यात मजा नव्हती.

"आणि भारत खेळतो तेव्हा?" हा पुढचा प्रश्न, आणि तो मला बोचतो. १८ नोव्हेंबर २०२५, ढाका, आशिया कपची पात्रता फेरी. भारत आणि बांगलादेश दोघंही आधीच बाहेर फेकले गेलेले. जिंकून मिळणार काय? काही नाही. फक्त शेजारी. बांगलादेशने सुरुवातीलाच गोल केला आणि शेवटपर्यंत धरून ठेवला, १-०. बावीस वर्षांनी त्यांनी आपल्याला हरवलं. त्यांच्या सरकारने संघाला दोन कोटी टाका जाहीर केले. मोबाइलवर ढाक्याचं स्टेडियम नाचत होतं. ओळखीचा नाच होता, मी सतरंजीवर केलेला. या वेळी टीव्ही बंद करायची पाळी माझी.

सामना आम्ही दोघांनी माझ्याकडेच पाहिला, एका बाजूला बसून, पहिल्यांदाच. करमत नव्हतं. रविवारी मिसळ खायला गेलो, पण बिल कोणी द्यायचं हेच ठरेना. हरलो तर दोघंही होतो. तर्री दोनदा मागवून झाली, तरी कोणाचाच हात खिशाकडे जाईना.