सिल्व्हरॅडो 2001: एबीएस कंट्रोलर बदलला, पण अर्थिंग तपासून

गाडी शेव्हरोले सिल्व्हरॅडो 1500, अमेरिकेत हिवाळ्यात मीठ टाकतात त्या भागातली. एबीएसचा (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) दिवा सतत, बिघाडाचा कोड सी0265.

नोंद 1: तपासणी

हा कोड कंट्रोलरमधल्या (एबीएसचा संगणक) रिलेच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचच्या, सर्किटचा. तो दिसला की कंट्रोलर मागवायचा मोह होतो. पण अर्थ (चासीला जोडलेली निगेटिव्ह तार) खराब असेल तर नवा बसवूनही दिवा जात नाही. अर्थचा बोल्ट ड्रायव्हरच्या दाराखाली चासीवर असतो आणि गंजतो तिथेच. इथे मल्टीमीटरच्या ओहमवर विसंबू नका. तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर शून्याजवळ दाखवतो, कारण त्याचा करंटच नगण्य. त्यापेक्षा कंट्रोलरचा कनेक्टर काढा, हेडलाइटचा 55 वॅटचा बल्ब बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून कनेक्टरमधल्या जाड काळ्या तारेला जोडा. बल्ब पेटलेला असताना ती तार आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांमध्ये 0.1 व्होल्टपेक्षा जास्त आले तर आधी बोल्ट काढून चासी चकचकीत घासा, तारेच्या टोकाला नवा लग (धातूची कडी) दाबा. 60 अँपिअरचा फ्यूजही पाहून घ्या.

इथे अर्थ साफ करून कोड पुसला, तरी तोच परत आला. म्हणजे दोष आतच, बहुधा तडकलेलं सोल्डर.

नोंद 2: काढणी

बॅटरीचा निगेटिव्ह सोडवा. कंट्रोलर ड्रायव्हरच्या बाजूला चासीच्या आत, हायड्रॉलिक युनिटला चिकटून असतो. आधी चिखल ब्रशने आणि हवेने काढा. कनेक्टरची सरकती पट्टी मातीने अडकते आणि जोर लावला की तुटते. टी-20 टॉर्क्सने स्क्रू काढून कंट्रोलर सरळ ओढा. मध्ये स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटू नका, सीलची जागा खराब होते. ब्रेकचे पाइप सोडायचे नाहीत, म्हणजे हवा काढायचंही काम नाही.

पंपाची मोटर 12 व्होल्टवर क्षणभर फिरवून पाहा. जाम मोटर नव्या रिलेचाही बळी घेते. इथली फिरली.

नोंद 3: जोडणी

पार्ट नंबर जुळवूनच घ्या. जुनाच दुरुस्त करून घेतला तर हा प्रश्नच येत नाही, पण तोवर गाडी उभी ठेवा: मागच्या चाकांचा ब्रेकजोर सांभाळणंही याच कंट्रोलरकडे आहे. स्क्रू नवे, कस 5 न्यूटन-मीटर. सिलिकॉन सीलंट अजिबात नको.

नोंद 4: चाचणी

कोड पुसून गाडी हळू चालवली, मोटरची स्वयंतपासणीची धडधड ऐकू आली, दिवा गेला. मात्र थांबताना, अगदी चालण्याच्या वेगात, पेडल थरथरतं. हा कंट्रोलरचा दोष नाही. पुढच्या हबवर सेन्सरखाली गंज फुगून तो दातेरी रिंगपासून वर उचलला जातो, सिग्नल मंदावतो आणि चाक लॉक झालं असं कंट्रोलर समजतो. 1999 ते 2002 च्या गाड्यांसाठी 2005 मध्ये याच कारणाने रिकॉल निघाला होता. दोन्ही सेन्सर काढून बैठक धातूपर्यंत घासणं बाकी आहे.